हुकला हात लावायचा नाही!

हेलिकॉप्टरच्या दोराला लटकणं म्हणजे थरार, असं आपल्याला सिनेमाने शिकवलंय. पगार न घेता हे काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या ट्रेनिंगमध्ये मात्र भलतंच काहीतरी शिकवतात.

सिनेमातला हीरो हेलिकॉप्टरला कसा लटकतो ते आठवा. एका हातात दोर, दुसऱ्या हातात हिरोईन, शर्टाची वरची बटणं उघडी आणि केस वाऱ्यावर. हाच सीन एखाद्या खऱ्या विंच ट्रेनिंगमध्ये करून दाखवलात, तर इन्स्ट्रक्टर तुम्हाला दुपारच्या जेवणाआधीच घरी पाठवेल. दोर एकाच हाताने का धरला, असं तो विचारणार नाही. दोर धरलाच कशाला, असं विचारेल.

विंच म्हणजे हेलिकॉप्टरच्या दाराच्या वर बसवलेलं दोर गुंडाळायचं आणि सोडायचं यंत्र. विहिरीवरच्या रहाटाचा खूप शिकलेला नातू समजा. जिथे हेलिकॉप्टर उतरूच शकत नाही अशा जागी, म्हणजे दरीत, घनदाट जंगलात, पुरात बुडालेल्या घराच्या छपरावर किंवा हेलकावे खाणाऱ्या बोटीवर माणूस सोडायचा किंवा तिथून उचलायचा, तर विंच लागतो. लष्करी कमांडो हे करतात हे आपल्याला माहीत असतं. पण जगात काही ठिकाणी हे काम तुमच्याआमच्यासारखी साधी माणसं करतात. सोमवार ते शुक्रवार नोकरी करणारी, ईएमआय भरणारी, आणि सुट्टीच्या दिवशी हार्नेस घालून शांतपणे लटकण्याची प्रॅक्टिस करणारी.

सगळ्यात चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये वणवे विझवण्याची मोठी जबाबदारी रूरल फायर सर्व्हिस, म्हणजे आरएफएस, या दलावर असते. या दलात ७० हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत. परत वाचा, ७० हजार. पगारी कर्मचारी त्या मानाने मूठभर. गावोगावी यांच्या तुकड्या असतात आणि आगीचा कॉल आला की शेतकरी ट्रॅक्टर सोडून, शिक्षक वह्या सोडून, प्लंबर नळ अर्धवट ठेवून निघतो. (नळवाल्याच्या गिऱ्हाइकाचं काय होतं कुणास ठाऊक.)

यातलेच काही निवडक लोक ‘रिमोट एरिया’ तुकडीत जातात. तिथल्या जंगलात कोरड्या विजा पडतात आणि जिथे रस्ता नाही, गाडी जात नाही अशा डोंगरात आग लागते. पहिल्या काही तासांत ती एखाद्या वर्गाएवढी असते. तेव्हाच कुणी तिथे पोहोचलं तर ती संपते. नाही पोहोचलं तर आठवड्याभरात तिला नाव मिळतं, नकाशावर रंग मिळतो आणि जगभरातल्या बातम्यांत जागा मिळते. म्हणून या लोकांना हेलिकॉप्टरने नेतात आणि उतरायला जागा नसेल तर विंचने झाडांच्या मधून खाली सोडतात. खाली गेल्यावर मोठे पाण्याचे पाइप वगैरे काही नसतं. पाठीवरचा पंप, करवत आणि एका बाजूला दाताळं, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं एक अवजार. त्याने पालापाचोळा खरवडून माती उघडी करत जायचं. आपल्याकडे वनखात्याची माणसं जाळरेषा काढतात ना, तेच काम. फक्त तिथे आग शेजारी चालू असते आणि परतीचा रस्ता आकाशातून असतो.

डायनोसॉरच्या काळातली झाडं

या विंचने काय साधता येतं, याची एक गोष्ट सांगते. सिडनीच्या वायव्येला साधारण दीडशे किलोमीटरवर वोलेमी नॅशनल पार्क आहे. १९९४ साली डेव्हिड नोबल नावाचा तिथलाच एक रेंजर एका घळीत उतरला आणि त्याला अनोळखी झाडं दिसली. तपासल्यावर कळलं की अशी झाडं तोवर फक्त जीवाश्मांतच सापडली होती, डायनोसॉर फिरत होते त्या काळातल्या खडकांत. त्यांना वोलेमी पाइन म्हणतात. निसर्गात अशी झाडं दोनशेहूनही कमी उरली आहेत आणि ती नेमकी कुठे आहेत ते सरकारने आजवर गुप्त ठेवलंय.

२०१९ च्या ऑक्टोबरात याच भागात गॉस्पर्स माउंटन नावाचा वणवा पेटला. तो पसरत पसरत पाच लाख हेक्टरच्या पुढे गेला. घळ त्याच्या वाटेत होती. मग विमानांनी आजूबाजूला आगरोधक द्रव टाकला आणि खास ट्रेनिंग घेतलेल्या अग्निशामकांना विंचने घळीत उतरवण्यात आलं. त्यांनी झाडांभोवती पाण्याची व्यवस्था उभी केली, जमीन ओली ठेवली. जानेवारी २०२० मध्ये ही मोहीम जाहीर झाली तेव्हा झाडांचा तो समूह वाचलेला होता. काही खोडं काळवंडली, एकदोन झाडं गेली, बाकी उभी आहेत.

वोलेमीच्या घळीत उतरलेले लोक राष्ट्रीय उद्यान विभागाचे पगारी अग्निशामक होते, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ते ज्या पद्धतीने उतरले, तीच पद्धत आरएफएसचे स्वयंसेवक शिकतात आणि वणव्याच्या मोसमात दोघांच्या तुकड्या एकाच डोंगरात काम करतात. दोर कुणी स्वयंसेवक आहे की नोकरदार, हे पाहत नाही. त्या एका उन्हाळ्यात आरएफएसचे तीन स्वयंसेवक कामावर असताना गेले. विंचवर नव्हे, गाड्यांच्या अपघातांत. पण तिथला प्रत्येक नवा स्वयंसेवक ते तिघं आठवूनच फॉर्म भरतो, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

४५ मिनिटं आणि २०.४ किलो

विंचच्या आधी एक परीक्षा असते आणि तिचं स्वरूप इतकं साधं आहे की सुरुवातीला हसू येतं. चालायचं. बस्स. सपाट जमिनीवर ४.८३ किलोमीटर, पाठीवर २०.४ किलोचं ओझं, वेळ ४५ मिनिटं. पळायचं नाही. पळालात तर नापास.

हे आकडे विचित्र वाटतात कारण मूळ परीक्षा अमेरिकेतल्या वणवा विझवणाऱ्यांची आहे. तीन मैल, ४५ पौंड, ४५ मिनिटं. आता मुंबईकरांसाठी हिशोब करू. पाठीवर दहा-दहा किलोच्या कणकेच्या दोन पिशव्या बांधायच्या, नरिमन पॉइंटहून निघून मरीन ड्राइव्हने चौपाटीला जायचं आणि तिथून पुन्हा मागे फिरून एक किलोमीटरहून जास्त यायचं, तेही पाऊण तासात. ताशी जवळजवळ साडेसहा किलोमीटर. एकदा पाठीला लॅपटॉपची बॅग लावून या वेगाने चालून बघा. दहाव्या मिनिटाला पोटऱ्या बोलायला लागतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे आणि माझ्या बॅगेत लॅपटॉप आणि डबा एवढंच होतं.

ही परीक्षा का घेतात? कारण विंचने खाली सोडलेला माणूस परत विंचने वर येईलच याची खात्री नसते. धूर वाढला, वारा फिरला, इंधन संपत आलं, तर हेलिकॉप्टर निघून जातं आणि मग तुम्ही आणि तुमचे पाय. सगळं सामान पाठीवर घेऊन चालत बाहेर पडता आलं नाही, तर मदतीला गेलेला माणूसच मदत मागणारा होतो.

आणखी एक छोटी पण अवघड परीक्षा: वजन. हेलिकॉप्टरमध्ये चढण्याआधी प्रत्येकाचं वजन सामानासकट घेतात. बूट, हेल्मेट, पाण्याची बाटली, खिशातली चॉकलेटं, सगळ्यासकट. हवेत एका जागी स्थिर राहायला हेलिकॉप्टरला खूप ताकद लागते. हवा जितकी गरम आणि जागा जितकी उंच, तितकी ती ताकद कमी पडते. वणवा लागतो तो नेमका गरम दिवशी, डोंगरात. त्यामुळे पायलटला एकेका किलोचा हिशोब लागतो. इथे कुणी चार किलो कमी सांगून चालत नाही. लग्नाच्या बायोडेटासारखं नाही हे.

वरचा हुक, खालची माणसं

दोर स्टीलचा असतो. जाडी साधारण पाच मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक. आत १३३ तारा अशा पिळलेल्या असतात की भार आल्यावर दोर स्वतःभोवती फिरू नये. बऱ्याच बचाव हेलिकॉप्टरांच्या विंचची क्षमता २७२ किलो असते, म्हणजे दोन माणसं सामानासकट आरामात. तुटण्याची ताकद त्याच्या कित्येक पट. पण दोर कुठे घासला, मुडपला किंवा झाडात अडकला की हे सगळं गणित बदलतं. आणि दोर झाडात असा अडकला की हेलिकॉप्टरच खाली ओढलं जाईल, तर? त्यासाठी विंचमध्येच दोर कापायची सोय असते. बटण दाबलं की छोटा स्फोट होऊन पातं दोर तोडतं. त्या वेळी खाली कुणी लटकलेलं असेल तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी तो सगळ्यांच्याच मनात येतो. उत्तर तुम्हाला वाटतंय तेच आहे.

आता मजेची गोष्ट. पायलटला खाली काय चाललंय ते जवळजवळ काहीच दिसत नाही. तो समोर बघत असतो, माणूस त्याच्या पोटाखाली. म्हणून दारात एक विंच ऑपरेटर बसलेला असतो. तो खाली वाकून बघतो, दोर सोडतो आणि त्याच वेळी पायलटला सतत बोलून सांगत राहतो: पुढे पाच... चार... तीन... दोन... एक... स्थिर. डावीकडे दोन... एक... स्थिर. लग्नाच्या हॉलबाहेर कार मागे घेताना मामा ‘येऊ दे, येऊ दे, बस्स’ करतो ना, तसंच. फरक इतकाच की मामाने उशिरा ‘बस्स’ म्हटलं तर बंपर जातो.

या साखळीत खाली उभ्या असलेल्या स्वयंसेवकाचं काम काय? थांबण्याचं. आणि हेच शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

हेलिकॉप्टरची पाती हवेत फिरतात तेव्हा सगळ्या सांगाड्यावर स्थिर विद्युत साठत जाते. थंडीत स्वेटर काढताना चटका बसतो, त्याचंच थोरलं भावंड. हुक खाली येतो तेव्हा ती वीज जमिनीकडे जायला बघत असते. हुक आधी जमिनीला टेकला तर वीज मातीत जाते. तुम्ही उत्साहात उडी मारून हुक पकडलात तर ती तुमच्यातून जाते. झटक्याने माणूस सहसा मरत नाही, पण कड्याच्या काठावर उभ्या माणसाला सणसणीत झटका बसणं काय असतं, ते सांगायला नको. म्हणून नियम एकच: हुकला हात लावायचा नाही, आधी तो जमिनीला टेकू द्यायचा. वाचायला सोपं आहे. वरून वादळासारखा वारा आदळतोय, डोळ्यांत माती, कानात काही ऐकू येत नाही, समोर जखमी माणूस कण्हतोय आणि सुटकेचा हुक नाकासमोर झुलतोय, अशा वेळी हात मागे ठेवणं सोपं नाही. म्हणून हे आधी वर्गात सांगतात, मग जमिनीवर हार्नेस घालून, मग उंचावरच्या सांगाड्यावर, मग बंद हेलिकॉप्टरजवळ, मग थोड्या उंचीवर, आणि मग खऱ्या जंगलावर. पुन्हा पुन्हा. हातांना सवय होईपर्यंत.

ऑस्ट्रेलियाच्या जंगलात वाऱ्याचा आणखी एक धाक आहे. निलगिरीच्या झाडांवर वाळलेल्या फांद्या अडकून राहिलेल्या असतात. पात्यांचा वारा त्या सोडवतो आणि त्या खाली येतात. म्हणून खालच्या माणसाने फक्त हुककडे बघून चालत नाही, हुकच्या आजूबाजूच्या झाडांकडेही बघावं लागतं.

हात खाली!

तो व्हायरल व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. स्ट्रेचरवर बांधलेली एक आजी हेलिकॉप्टरखाली भिंगरीसारखी गरगर फिरतेय. जून २०१९, अमेरिकेतलं फिनिक्स शहर, पिएस्टेवा पीक नावाची टेकडी, आजींचं वय ७४. लोकांनी त्यावर मीम्स केले, मागे गाणी टाकली. पण काय झालं होतं? पात्यांच्या वाऱ्यात स्ट्रेचर फिरू नये म्हणून त्याला एक जास्तीची दोरी बांधतात आणि जमिनीवरचा माणूस ती ताणून धरतो. ती दोरी तुटली. त्या वाचल्या, पण चक्कर, मळमळ, सगळं झालं. त्या दोरीचं खालचं टोक ज्याच्या हातात असतं, त्या माणसाचं ट्रेनिंग किती महत्त्वाचं असतं, ते कळायला हा व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा.

दुसरी गोष्ट व्हायरल झाली नाही. २०१३ साली ऑस्ट्रेलियातच, व्हिक्टोरिया राज्यातल्या डोंगराळ भागात एका जखमी शिकाऱ्याला विंचने वर घेत होते. त्याला स्ट्रॉप घातला होता. स्ट्रॉप म्हणजे काखेखालून जाणारा रुंद पट्टा. सोपा, झटकन घालता येणारा, जगभर वापरला जाणारा. त्याचा एकच हट्ट असतो: हात खाली, अंगाला चिकटलेले. हात वर गेले की खांदे अरुंद होतात आणि माणूस पट्ट्यातून निसटू शकतो. हा शिकारी हेलिकॉप्टरजवळ पोहोचता पोहोचता निसटला आणि खाली पडून गेला. तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने तपास केला. कोणतंही उपकरण बिघडलेलं नव्हतं. त्याचं वजन, आधीचे आजार आणि छातीवर पडलेला पट्ट्याचा दाब, यांनी मिळून त्याची शुद्ध गेली असावी असं तपासात मांडलं गेलं.

म्हणजे ‘हात खाली ठेवा’ हे सांगणंही पुरत नाही. कुणाला स्ट्रॉप चालेल, कुणाला पूर्ण हार्नेस हवा, कुणाला आडवंच न्यायला हवं, हे जो माणूस जखमीपाशी सगळ्यात आधी पोहोचतो त्याने ओळखून वर कळवायला हवं. पाण्यात तासन्‌तास गारठलेल्या माणसाला उभ्याने उचललं तर त्याचा रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून गुडघ्याखाली दुसरा पट्टा घालून त्याला बसल्यासारखं वर घेतात. असली माहिती हेलिकॉप्टरच्या दारात बसलेल्या माणसाला ६० मीटर उंचीवरून दिसत नाही.

समुद्रावर तर सगळंच अवघड. ब्रिटनमध्ये १८२४ पासून आरएनएलआय ही लाइफबोट संस्था आहे आणि तिच्या बोटींवर बहुतेक स्वयंसेवकच असतात. ते हेलिकॉप्टरबरोबर नेमाने सराव करतात. बोट हलतेय, वर हेलिकॉप्टर हलतंय, म्हणून आधी वजन बांधलेली एक पातळ दोरी खाली सोडतात आणि बोटीवरचा माणूस तिच्या आधाराने हुक आपल्याकडे ओढतो. इथेही सगळ्यात मोठा नियम ‘नाही’वालाच: ती दोरी बोटीला बांधायची नाही. वाऱ्यात, लाटेत हात भरून आले की खुंटीला एक वेढा मारावा असं कुणालाही वाटेल. पण बांधली तर बोट आणि हेलिकॉप्टर एकमेकांना बांधले जातात.

आणि आपण?

आपल्याकडे विंच म्हणजे हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल. त्यांची कामगिरी कुणी कमी लेखू नये. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या पुरात अलुव्याजवळ नौदलाच्या कमांडर विजय वर्मा यांच्या चमूने एका गर्भवतीला विंचने उचललं. आधी डॉक्टरला खाली सोडून तिला तपासलं आणि मगच वर घेतलं. त्याच दिवशी ती बाळंत झाली. कुणीतरी छपरावर मोठ्या अक्षरांत ‘थँक्स’ रंगवलं, तो फोटो तुम्हालाही आठवत असेल. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात आपल्या पालघरच्या किनाऱ्याजवळ भरकटलेल्या गॅल कन्स्ट्रक्टर या बार्जवरच्या १३७ जणांची सुटका झाली, तीही हेलिकॉप्टरनेच.

पण एप्रिल २०२२ चं देवघरही आठवायला हवं. झारखंडमधल्या त्रिकूट पर्वतावर रामनवमीच्या दिवशी रोपवेचे डबे अडकले. वर रोपवेच्या तारा, खाली दरी. हेलिकॉप्टर जवळ आणावं तर पात्यांच्या वाऱ्याने डबे झुलायचे. हवाई दलाच्या जवानांनी जीव धोक्यात घालून अनेकांना बाहेर काढलं, पण एक जण हेलिकॉप्टरच्या दारातून आणि दुसऱ्या दिवशी एक बाई दोर तुटून, असे दोघे वर घेताना खाली पडून गेले. त्याच रोपवेवरच्या एका कर्मचाऱ्याने आणि गावकऱ्यांनी दोराच्या साहाय्याने, हेलिकॉप्टरविना, काही जणांना उतरवलं होतं. मला सतत वाटतं की ही दोन कौशल्यं, वरचं आणि खालचं, त्या दिवशी पहिल्यांदाच एकमेकांना भेटत होती.

महाराष्ट्रात हे खालचं कौशल्य भरपूर आहे. कुणी ट्रेकर कड्यावरून घसरला, कुणी वाट चुकला, गाडी घाटात कोसळली, की लोणावळा, खोपोली, महाबळेश्वर, पुणे, नाशिक इथली ट्रेकर पोरं आपल्या खर्चाने, आपल्या सुट्टीत निघतात. त्यांची सांगड घालायला महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. दोर, गाठी, स्ट्रेचर यात ही मंडळी पक्की आहेत. सहा तास खांद्यावर स्ट्रेचर घेऊन चिखलातून उतरणं, हे यांचं वीकेंड.

जुलै २०२३ मध्ये रायगडमध्ये इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नाही, जेसीबी जाणार कसा? हेलिकॉप्टर तयार ठेवली होती, पण हवामान इतकं खराब की ती उडू शकली नाहीत. मग एनडीआरएफचे जवान, अग्निशमन दल, आसपासचे ट्रेकर्स आणि गावकरी पावसात, अंधारात चढून गेले. चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्यामुळे ‘विंच आला की सगळं सोपं’ असं कुणी म्हणत असेल तर मला पटत नाही. आपला पावसाळा हेलिकॉप्टरला हवं तेव्हा उडू देत नाही. पाय लागणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या दिवशी हवामान उघडेल आणि हेलिकॉप्टर डोंगरावर येईल, त्या दिवशी खाली बहुतेक वेळा आधी पोहोचलेला असेल तो एखादा विशीतला ट्रेकर. विंच ऑपरेटरला हवी असलेली माहिती त्याच्याकडेच असेल आणि जखमी माणूस त्याच्याच मांडीवर असेल. त्या दोघांची पहिली भेट सरावात व्हावी की संकटात? स्वयंसेवकांना प्रत्यक्ष दोरावर लटकवायची लगेच गरज नाही. ते महागडं आहे, हेलिकॉप्टरचा एकेक तास मोलाचा असतो हे मान्य. पण खाली उभं कसं राहायचं, हे शिकवायला एक मैदान, एक रिकामा हुक आणि एक अनुभवी माणूस पुरतो. त्यातला निम्मा अभ्यास तर हेलिकॉप्टर न उडवताही होतो.

तुम्ही ट्रेकला जात असाल तर काही गोष्टी आजच माहीत करून ठेवा. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हातांनी टाटा करू नका. वरून तो आनंदच वाटतो. दोन्ही हात वर, तिरके पसरून इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे राहा. याचा अर्थ मदत हवी. एक हात वर आणि एक खाली, म्हणजे एनसारखा आकार, याचा अर्थ मदत नको. टोप्या, ओढण्या, मॅट, टेन्टचं कापड, चिप्सची पाकिटं, सगळं बॅगेत कोंबा किंवा दगडाखाली दाबा, कारण उडालेलं कापड पात्यांकडे ओढलं जाऊ शकतं. आणि प्लीज, ड्रोन उडवू नका. रील नंतर करता येईल. तुमचा ड्रोन हवेत असेल तर पायलट जवळ येणारच नाही.

ज्यांना याहून पुढे जायचंय, त्यांच्यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना आहे. २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ती सुरू झाली आणि नंतर ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक इतकी मोठी करण्यात आली. त्यात वयाची अट १८ ते ४० होती, ट्रेनिंग १२ दिवसांचं होतं, त्यात शोध, बचाव, प्रथमोपचार. चौकशीसाठी तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष गाठा. परीक्षा संपल्या की जाऊन या. फॉर्मवर वजन विचारलं, तर मात्र खरं लिहा.